आरोपी नसलेला उपरोध

उपरोधाला आरोपी लागतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘नर्ममाला’ रचली तेव्हा काश्मीरच्या राज्यकारभारातील लाचखाऊ कायस्थ त्याच्या डोळ्यांपुढे होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदाम्याने आणि बंडूनानांनी ज्या रूढींची टर उडवली, त्या रूढी पाळणारा समाज महाराष्ट्रातल्या वाड्यावाड्यांतून नांदत होता. ‘झेंडूची फुले’ (१९२५) वाचताना केशवकुमारांचा नेम कोणत्या कवींवर आहे, हे तत्कालीन वाचकाला वेगळे सांगावे लागले नाही. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) या ग्रंथात उपरोधाला दोन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: विक्षिप्ताच्या जाणिवेवर उभा असलेला विनोद आणि हल्ल्याचे लक्ष्य. पहिली नसेल तर नुसती निंदा उरते. दुसरी नसेल तर निव्वळ गंमत उरते.

माणसाने निसर्गाच्या केलेल्या हानीवर उपरोध लिहू पाहणाऱ्याची अडचण या दुसऱ्या अटीपाशी सुरू होते. एखाद्या गावच्या विहिरी आटल्या, तर त्या कोणी आटवल्या? शेजाऱ्यापेक्षा चार हात खोल बोअर घेणाऱ्याने, त्या बोअरसाठी कर्ज देणाऱ्या सोसायटीने, उसाला हमी देणाऱ्या कारखान्याने, की सकाळच्या चहात दोन चमचे साखर घालणाऱ्या शहरी वाचकाने? या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि तरीही यांपैकी कोणाही एकाला दुष्ट म्हणता येत नाही. रॉब निक्सन यांनी २०११ साली अशा हानीला ‘मंद हिंसा’ म्हटले. ती वर्षानुवर्षे चालते, तिच्यात घटना नसते आणि म्हणून तिचे कथन अवघड होते. कथनापेक्षाही तिचा उपरोध अवघड आहे, कारण उपरोधाला घटनेबरोबर तोंडवळाही हवा असतो.

या अडचणीतून सुटण्याचे दोन सोपे मार्ग मराठीत रुळले आहेत. पहिला मार्ग पुढाऱ्याकडे जातो. धरण, खाण, साखर, वाळू असा कोणताही विषय असो, शेवटी पांढऱ्या टोपीतला किंवा सफारीतला एक इसम रंगमंचावर येतो, प्रेक्षक त्याला हसतात आणि मोकळे होतात. दुसरा मार्ग उपदेशाकडे जातो. झाड बोलू लागते, नदी रडू लागते, आणि उपरोधाच्या जागी पर्यावरणदिनाचे भाषण येते. पहिल्यात निसर्ग निमित्तमात्र उरतो, दुसऱ्यात विनोद उरत नाही. जोसेफ मीकर यांनी १९७४ साली असा विचार मांडला, की शोकात्म नायक निसर्गाहून स्वतःच्या नैतिक नियमाला मोठे मानतो आणि विनोदी पात्र मात्र परिस्थितीशी जमवून घेऊन तगते. म्हणून विनोद हा पर्यावरणाला अधिक जवळचा आहे. या विचारात तथ्य आहे, परंतु तो विनोदापुरता आहे. उपरोध हा विनोदाचा भांडखोर भाऊ. त्याला तगण्यात रस नसतो, त्याला पाडाव करायचा असतो. पाडाव कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे शिल्लकच राहतो.

संस्कृत अलंकारशास्त्रात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा करणे, याला व्याजस्तुती म्हणतात. तिचे वैशिष्ट्य असे, की ती व्यक्तीला हात लावत नाही. ती त्या व्यक्तीच्या गौरवाची भाषा उसनी घेते आणि ती इतकी पुढे नेते, की भाषेचाच तोल जातो. जोनाथन स्विफ्ट यांचा ‘मॉडेस्ट प्रपोजल’ (१७२९) हा जगप्रसिद्ध नमुना या अर्थाने शुद्ध व्याजस्तुती आहे. पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ (१७२६) या त्यांच्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील बाल्निबार्बी देश. तेथे शेतीसुधारणेच्या योजना आखणारे पंडित आहेत, आणि त्यांच्या योजनांमुळे सारा मुलूख ओसाड झाला आहे. म्युनोडी नावाचा एक जमीनदार जुन्या पद्धतीने शेती करतो. त्याचे शिवार तेवढे हिरवे आहे आणि त्याबद्दल सगळे त्याला हसतात. नदीच्या प्रवाहावर बिनबोभाट चालणारी त्याची गिरणी योजनाकार मोडायला लावतात, कारण पाणी यंत्राने डोंगरावर चढवून तेथून खाली सोडले तर चाक अधिक जोरात फिरेल असा त्यांचा हिशेब आहे. शंभर माणसे दोन वर्षे राबतात आणि काम फसते. उपसा सिंचनाचा एखादा पडका पंपहाऊस माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे प्रकरण अठराव्या शतकातले वाटत नाही. स्विफ्ट यांच्या योजनाकारांत कोणी लबाड नाही, हे येथे महत्त्वाचे. ते सगळे प्रामाणिक आहेत, आणि उपरोध त्यांच्या प्रामाणिकपणावर आहे.

मराठीत या वाटेने प्रथम गेले ते जोतीराव फुले. १८८३ मध्ये पूर्ण केलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ शेतकऱ्यांच्या दारिद्र्याचा ग्रंथ म्हणून वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील उपरोधाचा एक मोठा भाग जमीन, पाणी आणि कुरण यांच्या नासाडीवर आहे, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. डोंगर, दऱ्या आणि पडिके सरकारी जंगलखात्याने आपल्या हद्दीत ओढली, पूर्वी तेथे शेरडे-गुरे चारून आणि रानमेवा, पाने, सरपण गोळा करून गुजराण करणारी माणसे आणि जनावरे उघडी पडली, हे फुले सांगतात. आणि सांगताना खात्याच्या अवाढव्यपणाची अशी काही मिजास वर्णन करतात, की ते खातेच एखाद्या खादाड जनावरासारखे दिसू लागते. रानाचे रक्षण करण्यासाठी निर्माण झालेली संस्था रानावर जगणाऱ्यांचे रान हिरावते, हा उपरोध आजही बोथट झालेला नाही. फुल्यांना आरोपी सापडतात: भट-कामगार आणि त्यांच्यावर विसंबणारा ऐषारामी युरोपियन अधिकारी. त्यामुळे त्यांचा असूड अचूक बसतो. मात्र ते तेथेच थांबत नाहीत. फावल्या शिपायांकडून आणि पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात जिरवावे, हा उपाय ते त्याच ग्रंथात सुचवतात. कवायत करणाऱ्या लष्कराच्या हाती कुदळ देण्याची ही कल्पना गंभीर आहे आणि खोचकही आहे. उपाय कोठे संपतो आणि टोमणा कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. उपरोधकार पर्याय देत नाही, असा एक लाडका समज समीक्षेत आहे. फुल्यांनी तो दीडशे वर्षांपूर्वीच खोटा पाडला आहे.

फुल्यांच्या काळी जमिनीचा नाश करणारा आणि तो सोसणारा हे दोघे निराळे होते. विसाव्या शतकात ते एकमेकांत मिसळले. ही मिसळण पाहायची, तर अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहाता तालुका, आणि त्यातही शिर्डी, यांच्याइतके बोलके ठिकाण दुसरे नाही.

शिर्डीचा मूळ ग्रंथ म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर उर्फ हेमाडपंत यांचे ओवीबद्ध ‘श्रीसाईसच्चरित’. श्रद्धाळू वाचक ते पोथी म्हणून वाचतो. येथे त्यातील एक प्रसंग केवळ संहिता म्हणून पाहू. साईबाबांनी शिर्डीत प्रथम बाग केली ती स्वतःच्या श्रमाने. राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणली, पडीक जागा साफ करून ती लावली आणि विहिरीचे पाणी घड्यांनी वाहून रोज शिंपले. वामन तात्या नावाचा भक्त त्यांना रोज दोन कच्चे घडे देई. संध्याकाळी ते लिंबाच्या बुंध्याशी ठेवले की फुटून जात, आणि दुसऱ्या दिवशी नवे दोन येत. तीन वर्षांच्या या मेहनतीने बाग उभी राहिली. एवढे सांगून चरित्रकार पुढे सहज सांगतो, की त्याच जागेवर आज बाबांचे समाधिमंदिर उभे आहे.

चरित्रकाराच्या मनात येथे तिळमात्र उपरोध नाही. त्याच्या दृष्टीने बागेचे मंदिर होणे ही पूर्णता आहे. पण शंभर वर्षांनंतरचा वाचक या ओव्यांपाशी अडखळतो, कारण बागेच्या जागी इमारत हे वाक्य त्याने इतरत्र फार वेळा वाचलेले असते. उपरोध संहितेत नसतो आणि तरी वाचनात उत्पन्न होतो, अशी ही जागा आहे. तिला आरोपी नाही. नागपूरच्या बुटींनी वाडा बांधला तो भक्तीने. १९१८ च्या विजयादशमीला बाबांचे निर्वाण झाल्यावर तेथे समाधी झाली तीही भक्तीने. पुढच्या शतकात शिर्डीत जे घडले ते, बाजाराचा भाग धरूनही, बव्हंशी कोणाच्या ना कोणाच्या श्रद्धेतून, सोयीतून किंवा पोटातून घडले.

त्या झेंडूच्या रोपांचीच पुढची कथा पाहावी. करोनाच्या साथीत शिर्डीच्या मंदिरात हार-फुले वाहण्यावर बंदी आली. साथ ओसरल्यावरही ती चालू राहिली तेव्हा, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, परिसरातील फूलउत्पादक आणि विक्रेते आंदोलनाला उतरले. रोजच्या निर्माल्याचा ढीग पाहून कोणाही उपरोधकाराचे हात शिवशिवतील. परंतु त्या ढिगाला हसणे म्हणजे दहा-वीस गुंठ्यांवर झेंडू-गुलाब करून घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हसणे, हे ध्यानात आले की विनोद घशात अडकतो. त्याच संस्थानाने २००९ मध्ये प्रसादालयाच्या छपरावर ७३ सौर तबकड्या बसवून हजारो माणसांचा स्वयंपाक उन्हाच्या वाफेवर करायला सुरुवात केली, ही वस्तुस्थिती उपहासाच्या सोप्या मांडणीत बसत नाही. आणि २०१७ मध्ये काकडीच्या माळावर विमानतळ सुरू झाला, तेव्हा घड्याने बाग शिंपणाऱ्या फकिराच्या दर्शनाला माणसे आकाशातून उतरू लागली, हीही वस्तुस्थितीच. या दोहोंतून एकच एक निष्कर्ष काढू पाहणारा लेखक खोटे लिहील.

पाण्याची कथा याहून जुनी आहे. शिर्डीचे शिवार गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रात येते. हे कालवे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघतात, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते आले ते दुष्काळ हटवण्यासाठी. पाणी आले, पाठोपाठ ऊस आला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि एका कोरडवाहू मुलखाची दैना फिटली. कालव्यांच्या काठाने मात्र निचरा न होणाऱ्या जमिनी हळूहळू चोपण होत गेल्या. पांढऱ्या क्षाराने फुललेले शेत दुरून पाहणाऱ्याला कापसाचे वाटावे, एवढा उपरोध निसर्गानेच करून ठेवला आहे. गंमत अशी, की ज्या बंधाऱ्याने हे घडवले त्याच्याच गाळात पाणथळ तयार झाली, देशोदेशीचे पक्षी तेथे उतरू लागले आणि २०२० च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. माणसाने केलेली मोडतोड कधीकधी रान होते. शुद्ध निसर्ग विरुद्ध दुष्ट माणूस असे द्वंद्व घेऊन येणारा उपरोध या ठिकाणी हास्यास्पद ठरतो.

प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोल्याच्या खोऱ्यात, तर हे द्वंद्व पुरतेच उलटेपालटे झाले आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाट लोकवस्तीच्या, उसाच्या शिवारात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. जंगल नाही, हरणे नाहीत. गावातली कुत्री हे त्यांचे प्रमुख भक्ष्य. बिबट्या गावात ‘शिरला’ असे वृत्तपत्रे लिहितात. तो उसात जन्मला, उसात वाढला. शिरण्यासाठी त्याला बाहेर कधी जावेच लागले नाही. तरीही पिंजरा लावण्याची मागणी होते, कारण गावाला आरोपी हवा असतो.

नेमकी हीच भूक उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘वळू’ (२००८) या चित्रपटाचा विषय आहे. कुसवडे गावात डुरक्या नावाचा देवाला सोडलेला वळू आहे. गावात जे जे मोडते, उपटले जाते, चोरीला जाते किंवा लपवायचे असते, ते सगळे डुरक्याच्या नावावर जमा होते. त्याला धरायला वनखात्याचा अधिकारी येतो. खरे तर वळू हे वनखात्याचे जनावर नव्हे. पण सरकारी कागदावर जनावर म्हणजे वनखाते, एवढी एक किल्ली फिरवून गिरीश व उमेश कुलकर्णी यांची पटकथा सगळे यंत्र चालू करते. मारायला उठलेले आणि पूजायला निघालेले एकाच मिरवणुकीत आहेत. येथे उपरोध पर्यावरणाच्या हानीवर सरळ बोलत नाही. परंतु हानीचा विचार करण्याच्या सवयीवर बोलतो, म्हणजे दोष एका मुक्या जिवावर ढकलून आपण निर्दोष राहण्याच्या सवयीवर. या दृष्टीने ‘वळू’ हा, हलकाफुलका म्हणून बाजूला ठेवला गेला असला तरी, ‘देऊळ’पेक्षा अधिक मूलगामी आहे, असे म्हणावे लागते.

‘देऊळ’ (२०११) अर्थात अधिक महत्त्वाकांक्षी आहे, आणि ५९ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळाला तो उचितच होता. मंगरूळ हे गाव काल्पनिक. पण महाराष्ट्रातला प्रेक्षक ते पाहताना मनात ज्या गावांची नावे घेतो त्यांत शिर्डीचे नाव पहिल्या ओळीत असणार. करडी नावाच्या गाईला शोधायला गेलेला केशव उन्हात औदुंबराखाली निजतो आणि त्याला दत्तदर्शन होते. गावातले जाणते अण्णा त्याला ही गोष्ट मनातच ठेवायला सांगतात. ती राहत नाही. वृत्तपत्रे येतात, तरुण मंडळी येतात, आणि इस्पितळाची योजना मनात बाळगून असलेले भाऊ गळंडे अखेर देवळाच्या बाजूने झुकतात. भाऊंचे पात्र लिहिताना गिरीश कुलकर्णी यांनी पुढाऱ्याचा ठरीव साचा टाळला आहे. भाऊ खल नाहीत. ते वाऱ्याची दिशा ओळखणारे गृहस्थ आहेत. ‘विकास’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी सारख्याच भाबडेपणाने फिरतो आणि फिरता फिरता त्याचा अर्थ गळून पडतो. कोणी तो खोटेपणाने वापरत नाही. स्विफ्ट यांच्या योजनाकारांशी असलेले हे नाते चित्रपटाचे खरे बळ आहे.

शेवटाकडे केशव मूर्ती चोरतो आणि नदीत सोडतो. गाव नवी मूर्ती आणून प्रतिष्ठापना करते. उपरोध येथे टोकाला जातो: देवळाच्या अर्थव्यवस्थेला आता देवाचीही गरज उरलेली नाही, मग एखाद्या खलपुरुषाची कोठून असणार? आरोपी काढून घेतला तरी गुन्हा चालू राहतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी मराठी कलाकृती सहजी आठवत नाही.

आणि तरीही याच ठिकाणी चित्रपटाच्या दृष्टीची मर्यादा उघड होते. केशवाला मूर्ती पावन ठेवायची आहे, म्हणून तो ती पाण्यात सोडतो. ज्या संस्कृतीत निर्माल्य, रक्षा, भंगलेल्या मूर्ती, पिंड आणि उरलेले सगळे पवित्र साहित्य नदीला देऊन माणूस हात झटकतो, तिच्यातला हा प्रतिक्षिप्त हावभाव आहे. नायकाचे बंडदेखील विसर्जनच ठरते. चित्रपट हा हावभाव उदात्त मानतो. त्याकडे तिरक्या नजरेने पाहावे असे त्याला वाटत नाही. नदी येथे पवित्र विस्मृतीची जागा म्हणून येते. ती वाहते, तिच्या खाली कोणाचे तरी गाव आहे, ही जाणीव उपरोधाच्या कक्षेत येत नाही. बाजार, प्रसारमाध्यमे आणि राजकारण यांवर चित्रपट जितका रेंगाळतो, तितका तो देवस्थानाला पाणी कोठून आले आणि सांडपाणी कोठे गेले यांवर रेंगाळत नाही. केशव, त्याची गाय आणि अण्णा यांच्या ठायी जो निष्पापपणा ठेवला आहे, त्याचाही हाच तोटा. प्रेक्षकाला बसायला एक निर्दोष जागा मिळते, आणि तेथे बसून तो उरलेल्या गावाला हसतो.

अशी जागा शिल्लक न ठेवणारी रचना पाहायची तर अरुण कोलटकरांकडे वळावे लागते. ‘जेजुरी’ (१९७६) मध्ये तीर्थक्षेत्राच्या पडझडीकडे पाहणारी त्यांची नजर कोरडी, खट्याळ आणि ममताळूही आहे. तिला उपरोध म्हणण्यापेक्षा वक्र कुतूहल म्हणणे बरे. पण २००४ साली, मृत्यूच्या काही महिने आधी प्रसिद्ध झालेली ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी दीर्घकविता निःसंशय उपरोधाची आहे, आणि तिच्या मुळाशी एका अरण्याचा नाश आहे. जनमेजयाच्या यज्ञाची कथा कोलटकर नागस्त्री जरत्कारूच्या तोंडून, तिचा पुत्र आस्तिक याला उद्देशून, सांगतात. बोलता बोलता ती मागे जाते, खांडववनापर्यंत.

खांडवदहनाची कथा महाभारतातच मुळी विलक्षण उपरोधाने भरलेली आहे. श्वेतकी राजाच्या दीर्घ यज्ञांत तुपाची अखंड धार पिऊन अग्नीला अजीर्ण झाले, आणि त्यावर औषध म्हणून त्याला एक अख्खे अरण्य खायला देण्यात आले. अतिभक्तीने देव आजारी पडतो आणि पथ्य रानाने पाळायचे, असा हा व्यवहार. इंद्र पाऊस पाडतो तो कृष्णार्जुन बाणांनी अडवतात. वाचतात ते मय, तक्षकपुत्र अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’ (१९६७) मधील मयसभेच्या प्रकरणात या संहाराला प्रश्न विचारले होते, आणि मराठी वाचकाच्या बऱ्याच भाबड्या समजुती त्यांनी तेव्हाच हलवल्या होत्या. कोलटकर प्रश्न विचारत नाहीत. जरत्कारू गृहिणीच्या साध्या, चिडक्या, जवळजवळ गप्पांच्या सुरात काय काय जळाले याची यादी सांगते: झाडे, पाखरे, जनावरे, त्या वनात राहणारी माणसे आणि त्यांच्याबरोबर गेलेले औषधींचे ज्ञान. सूर घरगुती आणि यादी अवाढव्य, या विसंगतीतून विनोद निर्माण होतो, आणि तो हसू देत नाही.

जरत्कारूकडे आरोपींची नावे आहेत, मोठी नावे. पण कवितेचा नेम त्या नावांच्या पलीकडे आहे. तक्षकाची पत्नी खांडवात जळाली, म्हणून तक्षकाने परीक्षिताला दंश केला, म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. प्रत्येकाकडे मागच्याचा गुन्हा आहे आणि म्हणून प्रत्येकजण आपल्या दृष्टीने न्याय्य आहे. यज्ञाला बसलेले ऋत्विज विद्वान आहेत, मंत्र शुद्ध आहेत, व्यवस्था चोख आहे. संहार आणि पुण्यकर्म यांची भाषा एकच झाली आहे, आणि कविता ती भाषा जशीच्या तशी ठेवते. व्याजस्तुतीचे सामर्थ्य यापलीकडे जाणे कठीण. तिच्यात वाचकाला बसायला निर्दोष जागा नाही, कारण महाभारत ऐकणारा, त्यातल्या वीरांवर मुलांची नावे ठेवणारा, इंद्रप्रस्थाचे कौतुक करणारा तोच आहे. ही कविता इंग्रजीत आहे, हे मात्र विसरता येत नाही. ज्या श्रोत्याला ती बोचावी तो खांडवाची कथा कीर्तनातून ऐकतो, पुस्तकांच्या दुकानातून नव्हे.

कीर्तनाचा उल्लेख येथे ओघाने आला, तरी विषयाच्या दृष्टीने तो अपरिहार्य आहे. एकनाथांच्या भारुडांपासून मराठी उपरोधाचा एक प्रवाह असा आहे, की त्यात बोलणारा स्वतःच दोषी असतो. विंचू त्याला चावलेला असतो, भूत त्याला लागलेले असते. सोंग घेणारा स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो आणि श्रोता हसता हसता शेजारी येऊन उभा राहतो. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले. त्याचा अर्थ थोडा ताणून असे म्हणता येईल, की नागर मराठी उपरोध, कोल्हटकरांपासून पुढे, मुख्यतः परस्थ राहिला, आणि आत्मस्थ हास्य भारुडाकडे व कीर्तनाकडे उरले. पर्यावरणाच्या हानीसारख्या, ज्यात सर्वांचा हात आहे अशा विषयाला दुसरी जातच मानवते.

तिचा विसाव्या शतकातला सर्वांत समर्थ प्रयोग गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) केला. गावात यायचे, खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम समाजसुधारणेच्या इतिहासात सर्वज्ञात आहे. वाङ्मयीन रूपबंध म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले गेले. कीर्तनात ते विधान करत नसत, प्रश्न विचारत. देव कोठे असतो, बोकड कोण मागतो, तीर्थाला जाऊन काय मिळते, सणासाठी कर्ज कोण काढतो, अशी प्रश्नांची माळ, आणि उत्तर समुदायाने द्यायचे. पहिल्या दोन-चार उत्तरांपर्यंत सगळे हसत असतात. मग उत्तरांची दिशा कळू लागते, पण आता थांबता येत नाही, कारण साक्ष स्वतःच्याच तोंडून झालेली असते. आरोपी शोधण्याची अडचण येथे रूपबंधानेच सोडवली आहे. सकाळी झाडलेला रस्ता ही त्या कीर्तनाची पूर्वपीठिका होती. रात्री श्रोत्यांना प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती सकाळी त्यांनीच केलेला कचरा येऊन गेलेला असे, आणि हे दोघांनाही ठाऊक असे. नंतर २०००-०१ पासून त्यांच्या नावाने शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याने अनेक गावांचे भले केले; खराट्यासह छायाचित्र हा मात्र त्यातून निघालेला उपप्रकार, आणि त्याचे विडंबन करण्याची गरजही पडू नये इतका तो स्वयंपूर्ण आहे.

गाडगे महाराजांच्या प्रश्नांना एक गोष्ट गृहीत धरावी लागे. उत्तर देणारा समुदाय एका गावचा, एका भाषेचा होता; कचरा ज्याचा, कीर्तन त्याचेच. शिर्डीपुढे आज उभा राहणाऱ्या उपरोधकाराची परीक्षा येथे आहे. दर्शनाच्या रांगेत तेलुगू, तमिळ, हिंदी, गुजराती बोलणारी माणसे आहेत. ती सकाळी येतात आणि रात्रीच्या गाडीने किंवा विमानाने जातात. येथला ओढा कोणता, कालवा कोणता, पाणी कोणत्या तालुक्याच्या वाट्यातून आले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. हा श्रोता मराठी उपरोधाने अद्याप आपला मानलेला नाही. आणि ‘हे पाणी कुणाचं?’ हा प्रश्न मराठीतच विचारायचा ठरवला, तर उत्तर द्यायला रांगेबाहेरचे गावकरी उरतात, ज्यांतल्या बहुतेकांचे दुकान, खोल्या, रिक्षा किंवा झेंडूचा वाफा त्या रांगेवरच चालतो.